जुनी मोटार, नवा रेडिएटर

मनुष्याच्या हातून घडलेली प्रत्येक वस्तू झिजते. ती झिजू लागली म्हणजे मालकापुढे तीन वाटा असतात. वस्तू टाकून द्यावी, आहे त्या अवस्थेत जपून ठेवावी, किंवा तिचा निकामी झालेला भाग बदलून ती चालती ठेवावी. पहिल्या दोन वाटांवर वस्तूच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित होत नाही. तिसऱ्या वाटेवर तो हटकून उपस्थित होतो. भाग बदलल्यावर वस्तू तीच राहिली काय? राहिली असे म्हणणारा खरे बोलतो काय? आणि बदललेला भाग जुन्यासारखा दिसावा म्हणून कोणी कष्ट घेतले, तर ते कष्ट कलेच्या खाती जमा करावयाचे की फसवणुकीच्या? हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारले जातात. परंतु त्याहून अधिक निकडीने ते रस्त्याच्या कडेच्या एखाद्या दुकानात विचारले जातात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचा विचार एका अगदी साध्या वस्तूच्या आधारे करणार आहोत. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीसाठी मागणीनुसार घडवलेला नवा रेडिएटर.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा आमच्या पुष्कळ वाचकांनी प्रवासात पाहिला असेल. अकोल्याहून हिंगोली, नांदेड, देगलूरमार्गे तेलंगणात उतरणारा 161 क्रमांकाचा आणि नागपूरहून यवतमाळ, नांदेडमार्गे तुळजापूरला जाणारा 361 क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस भेटतात. जेथे दोन रस्ते भेटतात तेथे चहाची टपरी आधी येते आणि तिच्या पाठोपाठ मिस्त्री येतो. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, बॅटरीवाला आणि रेडिएटरवाला. उन्हाळ्यात मराठवाड्याचा रस्ता तापला आणि हळदीने भरलेल्या गाडीच्या तोंडून वाफ निघू लागली, की या शेवटच्या माणसाची किंमत चालकाला कळते.

रेडिएटरचे काम सांगावयास सोपे आहे. इंजिनात इंधन जळते, त्या उष्णतेपैकी बरीचशी धातूत उतरते आणि ती काढून टाकली नाही तर यंत्र स्वतःलाच जाळून घेते. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात. तापलेले पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांच्या जाळीतून खाली उतरते, नळ्यांना जोडलेल्या पातळ पट्ट्यांवरून वारा वाहतो, आणि गार झालेले पाणी खालच्या टाकीतून पुन्हा इंजिनाकडे जाते. 1901 साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज मोटारीसाठी जो पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला, त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या. मोटार वेगाने आणि दूरवर धावू शकली याचे बरेचसे श्रेय या न दिसणाऱ्या जाळीला आहे. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. तिच्यात तर सामान्यतः पाणी ढकलणारा पंपही नसे. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार झालेले जड होऊन खाली उतरते, या निसर्गनियमावरच तिचा सारा भरवसा होता.

अशा मोटारी आपल्याकडेही आल्या. हिंगोली, नांदेड, परभणी हा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वे खात्याने 1932 साली सत्तावीस गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली. सहाव्या निजामांच्या कारकिर्दीत मागवलेली 1912 सालची पिवळी रोल्स रॉइस आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. इकडे मुंबईत सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी बाहेर पडल्या. महिंद्रांच्या जीपने खेड्यापाड्यांतले रस्ते पाहिले. यांपैकी पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. मोटार राहते, कारखाना जातो. कारखाना गेला की सुटे भाग जातात. मग मालक तो गळका रेडिएटर पोत्यात गुंडाळून मिस्त्रीकडे घेऊन येतो आणि म्हणतो, “असाच दुसरा करून द्या.”

“असाच दुसरा” या दोन शब्दांत या लेखाचा सारा विषय सामावला आहे.

मिस्त्री प्रथम जुना रेडिएटर उकलतो. डाक वितळवून टाक्या वेगळ्या करतो, नळ्या मोजतो, त्यांच्या ओळी मोजतो, तोंडांच्या जागा कागदावर उतरवतो. पितळी पत्रा कापून, मठारून नव्या टाक्यांना जुना बाक देतो. पितळी नळ्या आणि तांब्याच्या पट्ट्या यांची जाळी बसवतो. शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने सांधे भरतो. शेवटी तोंडे बंद करून, आत हवा भरून, सारा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतो आणि बुडबुडा येतो का हे पाहतो. पुण्याच्या तांबट आळीत हंडे आणि बंब घडवणाऱ्या कारागिरांची जी विद्या, तिचीच ही एक धाकटी बहीण होय. आज नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असते. ती वजनाला हलकी व किमतीला स्वस्त असते; फुटली तर बहुधा फेकून देतात. त्यामुळे तांबे-पितळेचा रेडिएटर घडवणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवा रेडिएटर बसवलेली जुनी मोटार ही जुनी मोटारच काय?

हा प्रश्न मोटारीहून फार पुराणा आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाची हकीकत सांगितली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले आणि जहाज तेच की निराळे, यावर तत्त्ववेत्त्यांत दोन तट पडले. आपल्या भूमीतले उत्तर याहून धारदार आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला विचारतो की, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दांडा, लगाम यांपैकी कोणता रथ? राजा प्रत्येकाला नकार देतो. निष्कर्ष असा की, रथ हे या अवयवांच्या विशिष्ट मांडणीला दिलेले नाव आहे. त्यांच्या पलीकडे रथ नावाची स्वतंत्र वस्तू शोधू गेल्यास ती हाती लागत नाही.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांना हाच प्रश्न मानवी देहाच्या संदर्भात पडला होता. देहातील द्रव्य सतत येते आणि जाते. मग बालपणापासून वार्धक्यापर्यंत मनुष्य एकच कसा? त्यांनी आगीचे उदाहरण घेतले. जुनी लाकडे जळून जातात, नवी सारली जातात, तरी आग तीच म्हणून ओळखली जाते. वस्तूचे एकत्व तिच्या द्रव्याच्या प्रत्येक कणावर अवलंबून नसते. ज्या रूपामुळे ते द्रव्य ती वस्तू बनते, त्या रूपाच्या सातत्यावर ते अवलंबून असते. नागसेन रथ विस्कटून दाखवतो, अक्वायनस आग धगधगती ठेवून दाखवतात. दोघांच्या सिद्धान्तांत महदंतर आहे हे आम्ही जाणतो. तथापि एका बाबतीत दोघेही जुन्या मोटारीच्या मालकाला धीर देतील: एक अवयव बदलला म्हणून मोटार नाहीशी होत नाही.

कायद्यानेही साधारण असाच विचार केला आहे. केंद्र सरकारने 2021 साली विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली आणि सांगाडा, बाह्य कवच वा इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत मोडतात. प्रदर्शन, संशोधन, विंटेज रॅली अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येतात. नियमकर्त्यांनी सांगाडा, कवच आणि इंजिन यांची नावे घेतली. रेडिएटरचे नाव घेतले नाही. मोटारीचे मोटारपण कोणत्या अवयवांत वसते याविषयीचे हे एक तात्त्विक मतच आहे, मात्र राजपत्रात छापलेले.

येथवर सारे सुरळीत आहे. परंतु “मोटार तीच आहे काय” हा प्रश्न सुटला म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला, असे मात्र नाही. आमच्या परिचयाच्या एका मिस्त्रींपुढे तो कसा उभा राहिला ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एका विलायती मोटारीसाठी त्यांनी नवा रेडिएटर घडवला. काम उत्तम झाले. गिऱ्हाइकाने जुन्या रेडिएटरवरची कंपनीची पितळी पट्टी पुढे केली आणि ती नव्यावर डाक देऊन बसवावयास सांगितले. इथवर ठीक होते. मग तो म्हणाला, “पितळेला जरा तेजाब लावून काळपट करा. गाडी विकायची आहे, रेडिएटर मूळचाच वाटला पाहिजे.” या जादा कामाचे जादा पैसे तो देणार होता आणि ते थोडे नव्हते. आम्ही तिकडून जात असता मिस्त्रींनी आम्हांला थांबवून विचारले, “फादर, यात पाप आहे का? मी तर नुसता पत्रा रंगवणार. खोटं बोलणार तो.”

प्रश्न चोख होता. आम्ही त्यांना तत्काळ दिलेल्या उत्तरापेक्षा त्यावर मागाहून केलेला विचार येथे मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल.

विक्रीतील खोटेपणाविषयी लिहिताना अक्वायनस यांनी किमयागारांच्या सोन्याचा विचार केला आहे. दिसावयास सोन्यासारखे, पण सोन्याचे गुण नसलेले द्रव्य सोने म्हणून विकणे हा अन्याय. परंतु किमयेने खरोखरचे सोने निर्माण करता आले, तर ते खरे म्हणून विकण्यास त्यांची हरकत नाही. ही कसोटी रेडिएटरला लावून पाहा. मिस्त्रींचा रेडिएटर पाणी गार करतो. जुन्याच्या मापाचा, जुन्याच धातूचा आहे. रेडिएटर म्हणून तो सोळा आणे खरा आहे. रेडिएटर म्हणून तो विकला तर कोणाचीही फसवणूक होत नाही. ग्राहक मात्र जेव्हा “मूळचा” रेडिएटर विकत घेतो, तेव्हा तो गारव्याबरोबरच काळही विकत घेत असतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी दूरच्या कारखान्यात कोणीतरी हा पत्रा वाकवला, तोच हा पत्रा, या गोष्टीचे तो मोल देतो. तेजाबाने पितळ काळे होते, जुने होत नाही. काळ ही अशी एकच वस्तू आहे की जी कोणत्याही भट्टीत घडत नाही. ती घडवली असे भासवून तिचे पैसे घेणे म्हणजे पितळ सोने म्हणून विकणेच होय.

मग मिस्त्रींचे “मी तर नुसता पत्रा रंगवणार” हे म्हणणे टिकते काय? तेजाब स्वतः निर्दोष आहे. कित्येक मालक आपल्या मोटारीचे रंगरूप सुसंगत दिसावे एवढ्याचसाठी नवे पितळ मंद करून घेतात आणि ते कोणापासून लपवीत नाहीत. त्यांच्यासाठी हेच काम करण्यात गैर काही नाही. कृती एकच, पण एका ठिकाणी ती शोभेसाठी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा हेतू कारागिराला आधीच सांगितलेला आहे. नीतिशास्त्राच्या परिभाषेत, दुसऱ्याच्या दुष्कृत्याला जाणूनबुजून केलेले साहाय्य ते हेच. जीभ गिऱ्हाइकाची असली तरी तिला शब्द मिस्त्रींच्या हातांनी पुरवलेले असतात.

याच्या उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. मूळ तेच पवित्र, नवे ते सारे बाटलेले, असे मानणारे रसिक आहेत. जुन्याविषयीच्या कल्पित प्रेमाने जुन्याचीच हानी कशी होते याचे ठळक उदाहरण गोव्यात आहे. जुने गोवे येथील बॉम जीझस बॅसिलिकेच्या बाहेरच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढण्यात आला, जेणेकरून इमारत अधिक प्राचीन दिसावी. जांभा दगड उघडा पडला, पावसाळ्यामागून पावसाळे त्यावर कोसळले आणि तो झिजू लागला. गेल्या काही वर्षांत गिलावा पुन्हा चढवण्याची मागणी पुढे आली ती यामुळेच. गिलावा वेळोवेळी नवा होत असे, म्हणूनच आतला दगड जुना राहू शकला. जुनी मोटारही अशीच आहे. रेडिएटर बदलला नाही तर इंजिन तापून चिरेल. नव्या जाळीमुळेच जुने इंजिन जिवंत राहते. नव्याने जुन्याची सेवा करावी, यात जुन्याचा अपमान नाही.

मग खरेपणा राखावयाचा कसा? इमारतींच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिने दोन मर्यादा घालून दिल्या. जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रचनेशी सुसंवादी असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेनेही हीच दिशा धरली असून, बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण असावी असे सुचवले आहे. म्हणजे शोभेला जागा आहे आणि सत्यालाही. समोरून पाहणाऱ्याला मोटार अखंड दिसावी. वाकून पाहणाऱ्याला खरे काय ते कळावे.

आमच्या मिस्त्रींनी कोणतीही सनद वाचलेली नव्हती. त्यांनी काढलेला मार्ग असा: कंपनीची पट्टी बसवून दिली, तेजाब लावले नाही, आणि पावतीवर ठळक अक्षरांत लिहिले, “नवीन रेडिएटर, जुन्या नमुन्यावरून.” खालच्या टाकीच्या तळाशी त्यांनी खिळ्याने साल कोरले. गिऱ्हाईक नाराज झाले आणि जादा पैसे अर्थातच मिळाले नाहीत. त्या महिन्यात त्यांना त्या पैशांची गरज होती हे आम्हांला ठाऊक आहे. प्रामाणिकपणाची किंमत नेहमी अशाच चिल्लर नाण्यांत मोजावी लागते, आणि ती मोजणाऱ्याचे नाव कोठे छापून येत नाही.

या नावाच्या प्रश्नाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. विंटेज मोटारींच्या प्रदर्शनात मोटारीपुढे फलक असतो. त्यावर कंपनी, साल, अश्वशक्ती आणि सध्याचे मालक यांची नावे असतात. जिच्यावाचून ती मोटार प्रदर्शनाच्या दारापर्यंतही पोहोचली नसती, त्या जाळीचा कर्ता फलकावर सहसा नसतो. तळाशी कोरलेले साल ग्राहकाला सत्य सांगते. त्याच्या शेजारी मिस्त्रींचे नाव असते, तर श्रमालाही न्याय मिळाला असता. नव्या भागावर खूण करणे हे फसवणूक टाळण्याचे साधन आहेच, पण ते ऋण मान्य करण्याचेही साधन आहे. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्याने तिला जगवणाऱ्या हातांचा विसर पाडून घेतला, तर त्याचे प्रेम धातूवरचे आहे; मनुष्यापर्यंत ते पोहोचलेले नाही. त्या हातांना शिशाच्या धुराची बाधा होते, हवा खेळती नसलेल्या खोपटात ते काम करतात, हेही प्रदर्शनातल्या चकाकणाऱ्या पितळेकडे पाहताना आठवावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. ज्या मुलुखात पावसाने एक वर्ष पाठ फिरवली तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते, तेथे शौकाच्या मोटारीच्या रेडिएटरची एवढी चर्चा कशाला? आमचे उत्तर असे की, धनिकाने आपले धन परदेशातून वस्तू आणण्यात घालण्यापेक्षा फाट्यावरच्या मिस्त्रींच्या हातात घातले, तर ते वाया गेले असे म्हणता येत नाही. हौशी मालकाच्या मागणीमुळे तांबे-पितळेची विद्या आणखी काही वर्षे तगून राहते, आणि तीच विद्या जुन्या ट्रॅक्टरच्या उपयोगी पडते. मात्र ही सबब मर्यादेबाहेर ताणू नये. मोटारीला जपताना मालक जर मिस्त्रींच्या मजुरीत घासाघीस करीत असेल, तर त्याचे वारसाप्रेम म्हणजे दागिन्यांची हौस होय, दुसरे काही नाही.

मिस्त्रींच्या दुकानात आम्ही एक गोष्ट पाहिली, तिने हा प्रश्न आम्हांला अधिक स्पष्ट केला. हौदाच्या काठाला दोन रेडिएटर टेकून ठेवलेले होते. एक त्या विलायती मोटारीचा, दुसरा एका शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा. दोन्हींना एकच हौद, एकच हवेचा दाब, आणि बुडबुड्याकडे पाहणारी तीच बारीक नजर. ट्रॅक्टरच्या सांध्यातून एक बुडबुडा आला तेव्हा मिस्त्रींनी तो सांधा पुन्हा उकलला. ट्रॅक्टरवाल्याने “चालंल तेवढं” म्हटले, तरी त्यांनी ऐकले नाही. गळती मालक पाहून होत नाही, असे ते म्हणाले.

वस्तूचा खरेपणा कोठे असतो या प्रश्नाचे आमचे उत्तर याच कामाच्या रीतीत आहे. नवा रेडिएटर दोन प्रकारे खरा ठरतो. तो पाण्यात बुडवल्यावर बुडबुडा येऊ नये, हा पहिला खरेपणा. तो धातूचा आहे आणि त्याची परीक्षा हौदात होते. तो कोणी, केव्हा घडवला हे विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळावे, हा दुसरा; तो शब्दाचा आहे आणि त्याची परीक्षा पावतीवर होते. पहिला असून दुसरा नसेल, तर उत्तम वस्तू लबाडीच्या कामी येते. दुसरा असून पहिला नसेल, तर प्रामाणिक माणसाची गाडी भर उन्हात रस्त्यावर उभी राहते. दोन्ही असतील तेथे वस्तू जुनी की नवी याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. तिच्यातील नवे नव्याच्या नावाने आणि जुने जुन्याच्या नावाने, एकमेकांस सांभाळीत, पुढचा रस्ता चालत राहतात.